मायटर ट्रिमर: चौकटीचा कोपरा जुळवणारं बिडाचं यंत्र

मायटर म्हणजे चौकटीच्या कोपऱ्यातला ४५ अंशांचा तिरका काप, आणि मायटर ट्रिमर हे तो काप तासायचं यंत्र आहे. कापायचं काम करवतीकडेच ठेवावं. एवढं लक्षात ठेवून घेतलं, तर तसबिरींच्या चौकटी करणाऱ्या माणसाला हाताने चालणाऱ्या हत्यारांत याच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. विकणारे मात्र त्याला ‘फ्रेम कटिंग मशीन’ म्हणून विकतात. घेणारा पहिल्याच दिवशी दीड इंचाची सागवानी पट्टी त्यात सरळ घालतो, दांडा जोर लावून ओढतो, लाकूड चिरडतं, आणि यंत्र माळ्यावर जातं. असं पडून राहिलेलं यंत्र मी दोन-तीन दुकानांत पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मिरजेत चौकटी करते. जुन्या देवादिकांच्या तसबिरी नव्याने मढवणं हे माझं मुख्य काम. त्याशिवाय चित्रकारांची जलरंगातली चित्रं येतात, लग्नाचे फोटो येतात. सागवानाच्या पट्ट्या बहुतेक वेळा मीच रंधून घेते. वखारीतून जुन्या दारा-खिडक्यांचं लाकूड मिळालं तर ते सगळ्यात आवडतं, कारण त्याचं आखडणं-फुगणं बरंचसं होऊन गेलेलं असतं. तयार पट्ट्याही वापरते, पण त्यांच्याबद्दल पुढे.

यंत्राची रचना साधी आहे. बिडाचं जड बैठक-पाट. त्यावर डावीकडे आणि उजवीकडे एकेक आडवा टेकू, जो फिरवून ४५ किंवा ९० अंशांवर अडकवता येतो. मधे एक सरकता गाडा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक भलंमोठं पोलादी पातं, आणि गाडा हलवायला लांब दांडा. दांडा एका बाजूला ढकलला की डावं पातं कापतं, उलट ओढला की उजवं. पातं लाकडाच्या कापलेल्या टोकावरून तिरकं घसरत जातं आणि पातळ ढलपी काढतं. खाली राहतो तो काप काचेसारखा गुळगुळीत असतो. सागवानाच्या आडव्या तंतूंवर अशी चकाकी करवतीने कधीच येत नाही. अमेरिकेतल्या व्हर्मांटमधला ‘लायन’ ट्रिमर या जातीतला सगळ्यात नावाजलेला. आपल्याकडे मिळतात ती बहुतेक त्याच घडणीची बाहेरून आलेली यंत्रं. माझ्या यंत्रावरच्या नावाला अर्थ नाही, कारण तेच ओतकाम वेगवेगळ्या रंगांत आणि वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. तेव्हा हे परीक्षण त्या सगळ्यांना मिळून लागू आहे असं समजा.

आता हे यंत्र लागतंच कशाला, हा खरा प्रश्न. चौकटीला कोपरे चार, पण काप आठ. प्रत्येक काप ४५ अंशांचा हवा. समजा करवत अर्ध्या अंशाने चुकते आहे. अर्धा अंश डोळ्यांना दिसत नाही, कोनमापकावरही धड वाचता येत नाही. पण आठ कापांत तो एकाच दिशेने साठत गेला तर चार अंश होतात. तीन कोपरे घट्ट जुळवून आपण चौथ्याशी आलो की ते सगळे चार अंश तिथे उघडे पडतात. ३८ मिलिमीटर, म्हणजे साधारण दीड इंच रुंद पट्टी घ्या. तिच्या तिरक्या कापाची लांबी भरते सुमारे ५४ मिलिमीटर. त्यावर चार अंश म्हणजे टोकाला जवळजवळ पावणेचार मिलिमीटरची फट, एका सुतापेक्षाही (इंचाच्या आठव्या भागापेक्षाही) जास्त. तीच चूक चारही कोपऱ्यांत वाटून दिली, तरी प्रत्येक ठिकाणी जवळजवळ एक मिलिमीटरची काळी रेघ राहते. गिऱ्हाईक चित्र बघायच्या आधी ती रेघ बघतं. आता कापातली चूक एक दशांश अंशावर आणली, तर वाटून दिल्यावर प्रत्येक कोपऱ्यात उरते ती कागदाच्या दोन पानांएवढी फट. ती सरसात आणि पॉलिशमध्ये मिटून जाते. अर्ध्या अंशावरून एक दशांशावर यायचं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

कोनाइतकीच महत्त्वाची लांबी. समोरासमोरच्या दोन पट्ट्या लांबीला तंतोतंत सारख्या हव्यात. त्यांच्यात एक मिलिमीटरचा फरक असेल, तर आठही काप अगदी ४५ अंशांचे असूनही तीन कोपरे जुळतील आणि चौथ्यात पाऊण मिलिमीटरच्या आसपास फट राहील, किंवा एक टोक दुसऱ्याच्या पुढे येईल. कोपरा जुळत नाही म्हटलं की जो तो करवतीचा कोन बघायला धावतो. मला दुरुस्तीला आलेल्या चौकटींत बऱ्याच वेळा कोन बरा असतो आणि लांबी फसलेली असते.

लाकडी मायटर बॉक्स, म्हणजे करवत कोनात चालवायला खाचा पाडलेली पेटी, हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि खडबडीत कापासाठी मी तो अजून वापरते. त्याच्या खाचा करवतीने हळूहळू रुंदावतात आणि मग पातं आत डुलतं. विजेची मायटर सॉ, म्हणजे कोनात कापणारी गोल पात्याची करवत, वेगवान आहे. दहा इंची, ८० ते १०० दातांचं पातं लावलं तर काप चांगला येतो. बांधकामावर वापरतात ते २४ किंवा ४० दातांचं पातं असेल तर कडा फाटतात. पण विजेच्या करवतीने ‘केसभर आणखी’ काढणं अवघड जातं. पट्टी केसभर पुढे सरकवली की पात्याला एकाच बाजूने लाकूड लागतं, पातं किंचित वाकतं आणि दुसऱ्या बाजूला पळतं. ट्रिमर नेमका इथे जिंकतो. केसभर म्हणजे खरोखर केसभर काढता येतं, पाहिजे तितक्या वेळा काढता येतं, आणि दर वेळी कोन तोच राहतो.

खोक्यातून काढल्यावर यंत्राला गंजापासून वाचवणारं ग्रीस चोपडलेलं असतं. रॉकेलने ते पुसून घ्या. पाती हाताळताना जाड हातमोजे घाला, कारण दोन्ही उघडी असतात आणि त्यांना कसलंही झाकण नाही. ही या यंत्रातली मोठी उणीव आहे. घरात लहान मूल असेल, तर काम संपल्यावर दांडा बांधून ठेवायची आणि पात्यांवर लाकडी म्यान चढवायची सवय लावावी लागते. माझ्या बाकावर म्यान कायम तयार असतं. यंत्र दहा-बारा किलोचं असलं तरी दांड्याच्या ओढीने सरकतं, त्यामुळे बाकाला बोल्टने कसून बसवणं आवश्यक. दांडा दोन्हीकडे जातो म्हणून आजूबाजूला मोकळी जागाही हवी. भिंतीच्या कोपऱ्यात बसवायचं यंत्र हे नव्हे.

मग येतं टेकू जुळवण्याचं काम. कारखान्यातून आलेल्या अडकणीवर विश्वास ठेवू नका. माझ्या यंत्रात एका बाजूची अडकण बरोबर होती, दुसऱ्या बाजूची स्क्रू सैल करून बसवावी लागली. त्याआधी स्वतःचा गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, तपासा. सरळ कड असलेल्या फळीवर गुण्या टेकवून बारीक रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या, तर गुण्यातला दोष दुपटीने दिसतो. बाजारातले स्वस्त गुण्ये या परीक्षेत सर्रास नापास होतात, आणि खोट्या गुण्याने जुळवलेलं यंत्र कितीही महागाचं असलं तरी खोटंच कापणार.

कोन तपासायला कोनमापक वापरूच नये. एका पट्टीचे चार सारखे आखूड तुकडे कापा, दोन्ही टोकं तासा आणि बिनसरसाची छोटी चौकोनी चौकट जुळवा. तीन कोपरे हाताने दाबून घट्ट धरले की चौथा कोपरा तुमच्या कापातली चूक आठ पटीने मोठी करून दाखवतो. आतल्या कोपऱ्याकडे उघडला तर कोन एका दिशेने चुकला आहे, बाहेरच्या टोकाकडे उघडला तर दुसऱ्या. तेवढा टेकू हलवायचा आणि तेच तुकडे पुन्हा तासायचे. तुकडे दर वेळी किंचित लहान होतात, पण चौघेही सारखेच होतात, त्यामुळे चालतं.

या परीक्षेलाही चकवणारी एक गोष्ट आहे. डावा टेकू किंचित कमी आणि उजवा तितकाच जास्त असेल, तर प्रत्येक कोपऱ्यात एक डावा आणि एक उजवा काप येत असल्यामुळे बेरीज ९० होते आणि चौकट जुळल्यासारखी दिसते. पण दोन्ही कापांची लांबी वेगळी भरते. सपाट पट्टीत ते खपून जातं. गोलाई आणि खाचा असलेल्या नक्षीच्या पट्टीत मात्र एका बाजूची रेघ दुसरीला मिळत नाही, पायरी पडते. म्हणून शेवटची तपासणी नक्षीच्या पट्टीवरच करावी. कोपऱ्यावरून बोट फिरवलं की पायरी लगेच कळते.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरणादाखल परवाचीच एक तसबीर सांगते: १४ बाय २० इंचांचं जुनं छापील चित्र, रविवर्मा छापखान्याच्या घाटाचं. मुंबईत १८९४ साली सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेला हा छापखाना. त्याची चित्रं आमच्या भागात अजून कितीतरी देवघरांत आहेत. मूळ चौकट वाळवीने खाल्ली होती, चित्र सुदैवाने शाबूत. चित्राचं माप मिलिमीटरमध्ये ३५६ बाय ५०८. काच आणि पुठ्ठा घट्ट अडकू नये म्हणून दोन्हीकडे ३ मिलिमीटर जास्त धरले: ३५९ आणि ५११. पट्टी ३८ रुंद, तिच्यातली काच बसवायची खाच ६ मिलिमीटरची. म्हणजे खाचेच्या बाहेर प्रत्येक बाजूला ३२ उरतात, दोन्ही मिळून ६४. पट्टीची बाहेरच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी झाली ४२३ आणि ५७५. हे गणित कागदावर मांडल्याशिवाय करवत हातात घेऊ नये.

चारही पट्ट्या शक्य तर एकाच लांब तुकड्यातून ओळीने काढायच्या आणि पाठीवर पेन्सिलीने क्रमांक टाकायचे. मग लाकडाची रेषा कोपऱ्यावरून वळून पुढच्या पट्टीत गेल्यासारखी दिसते. करवतीने ४५ अंशांत कापताना प्रत्येक टोकाला अर्धा सूत जास्त ठेवायचा. त्याहून जास्त ठेवलं तर ट्रिमरवर मेहनत वाढते, आणि कमी ठेवलं तर करवतीच्या दातांचे ओरखडे निघत नाहीत.

ट्रिमरवर आधी चारही पट्ट्यांचं डावं टोक तासून घ्यायचं. एका घावात सगळं काढायचा मोह टाळायचा. पहिल्या ढलप्या तुकड्या-तुकड्यांनी निघतात, कारण करवतीचा काप उंचसखल असतो. पातं जेव्हा सगळ्या तोंडावरून एकसंध, कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी काढतं, तेव्हा तोंड सपाट झालं. तिथे थांबायचं.

लांबीसाठी मी बाकावर एक लाकडी अडसर शिकंज्याने आवळते. त्याला आतून ४५ अंशांची खाच केलेली आहे, तासलेलं टोक त्या खाचेत बसतं. सपाट अडसराला नुसतं टोकदार टोक टेकवलं तर ते दर वेळी थोडं चेपतं आणि लांबी फसते. अडसर ५७५ ला लावून दोन्ही लांब पट्ट्यांची उजवी टोकं तासायची, मग ४२३ ला लावून दोन्ही आखूड. एक जोडी पुरी होईपर्यंत अडसर हलवायचा नाही. जोडीतल्या एका पट्टीची शेवटची ढलपी काढली की लगेच दुसरीची काढायची. मग त्या दोघी पाठीला पाठ लावून उभ्या धरायच्या आणि टोकावरून नख फिरवायचं. नख अडलं नाही म्हणजे झालं. फूटपट्टीवर दिसणार नाही असा फरक नखाला कळतो.

यंत्रात आणखी एक उणीव आहे ती इथे जाणवते. पट्टी दर्शनी बाजू वर करून ठेवली की काचेच्या खाचेवरची ओठासारखी पातळ कड खालून अधांतरी राहते. पात्याचा दाब आला की ती तडकू शकते. ‘मोर्सो’सारख्या पायाने दाबायच्या डॅनिश यंत्रात खाचेला खालून आधार देणारे वेगळे टेकू असतात. ट्रिमरमध्ये तसं काही नाही. म्हणून खाचेच्या मापाच्या लाकडी चिपा करून ठेवायच्या आणि तासताना खाचेत सरकवायच्या. काम फुकटात होतं आणि कड एकदाही तुटत नाही.

कोणत्या लाकडाला हे यंत्र मानवतं? सागवान उत्तम तासलं जातं, पण त्यात सिलिका असते आणि ती धार खाते. पाइन मऊ. धार जराही उतरली असेल तर पाइनचे तंतू कापले जाण्याऐवजी दबतात आणि तोंड खडबडीत होतं. धारेची खरी परीक्षा त्यामुळे पाइनवरच होते. एमडीएफ मी यावर घालत नाही, कडा भुरभुरतात आणि पात्याची वाट लागते. बाजारात सगळीकडे मिळणाऱ्या त्या सोनेरी, चंदेरी प्लास्टिकच्या पट्ट्या मुळात पॉलिस्टायरीनच्या असतात. त्या ठिसूळ. त्यांना बारीक दातांची करवतच बरी. खडूचा लेप देऊन सोन्याचा वर्ख लावलेल्या जुन्या चौकटी लहान करायच्या असतील, तर कापाच्या रेषेवर आधी धारदार सुरीने लेप चिरून घ्यायचा, कागदी टेप लावायची आणि मगच अगदी पातळ ढलप्या काढायच्या. घाईने केलं की लेपाचा टवका उडतो आणि तो भरून काढण्यात अख्खा दिवस जातो.

धारेबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण या यंत्राची सगळी किंमत त्या दोन पात्यांत आहे. नवीन पाती धारदार वाटतात, पण तेवढी धार पुरत नाही. कारखान्यातल्या सहाणेच्या रेघा त्यांच्यावर असतात आणि त्या रेघांची करवत होते. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. सतारी आणि तंबोरे करणाऱ्या कारागिरांची घरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तुणीच्या लाकडावर त्यांच्या पटाश्या ज्या सफाईने चालतात ती पाहून मी तिथल्या एका वडीलधाऱ्या काकांकडे पाती घेऊन गेले. त्यांनी धारेकडे पाहिलंच नाही. पातं उलटं करून सपाट पाठ उजेडात तिरकी धरली आणि म्हणाले, “ताई, आधी ही पाठ आरशासारखी करा, उतार नंतर बघू.” पाठ सपाट काचेवर बसवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर, मग धारेच्या दगडावर घासत नेली. घासली गेलेली जागा चमकते, त्यामुळे खळगा कुठे आहे ते आपोआप कळतं. पाठ झाल्यावर उतार, म्हणजे धारेची तिरकी बाजू, तोही मूळ कोनातच. बोटांवर विसंबून उतार गोल केला तर पातं लाकडात शिरायच्या ऐवजी वर चढतं. शेवटी चामड्यावर पॉलिशची पेस्ट लावून दोन्ही बाजू ओढल्या.

त्या दिवसापासून माझ्या यंत्राचं काम पार बदललं. दांड्याला लागणारा जोर निम्म्यावर आला, आणि आवाजही बदलला. आधी ‘कट्’ असा तुटल्याचा आवाज यायचा, आता नुसती सरसर. माझं मत असं की जो पात्यांना स्वतः धार लावायला तयार नाही, किंवा ज्याच्या गावात ती नीट लावून देणारं कुणी नाही, त्याने हे यंत्र घेऊ नये. कात्र्या-सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या फिरत्या चाकावर ही पाती अजिबात देऊ नका. चाकाची उष्णता पोलादाचं पाणी उतरवते आणि पाठीची सपाटी कायमची जाते.

काप कितीही चांगला असला तरी जोडताना हलगर्जीपणा केला तर उपयोग नाही. तिरक्या कापात लाकडाचे तंतू तोंडाशी उघडे असतात आणि ते सरस पिऊन टाकतात. आधी पातळ थर लावून काही मिनिटं जिरू द्यायचा, मग दुसरा थर लावून जोडायचं. चारही कोपरे एकदम पट्ट्याच्या शिकंज्याने आवळते आणि दोन्ही कर्ण मोजते. कर्ण सारखे तर चौकट काटकोनात. मागून व्ही-आकाराचे खिळे, आणि चौकट मोठी असेल तर सरस वाळल्यावर कोपऱ्याला तिरकी खाच करून सागवानी पातळ पाचर बसवते. नुसत्या सरसावर मोठी काच लटकवणं मला पटत नाही.

हवामानाचाही हिशेब ठेवावा लागतो. लाकूड रुंदीला आखडतं-फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. त्यामुळे ४५ अंशांचा काप ऋतूप्रमाणे थोडा बदलतो. ओलसर लाकडाची चौकट उन्हाळ्यात वाळली की सांधा आतल्या कोपऱ्याकडे उघडतो. एप्रिलमध्ये कोरड्या लाकडाची केलेली चौकट रत्नागिरीला गेली, की जुलैत तिची बाहेरची टोकं फाकू शकतात. पट्टी जितकी रुंद तितका हा खेळ मोठा. दोन इंचांच्या वरची पट्टी असेल तर मी लाकूड खोलीत बरेच दिवस ठेवल्याशिवाय कापत नाही, आणि पाचर घातल्याशिवाय कोकणात पाठवत नाही. अशा फटीचा दोष ट्रिमरवर टाकणं अन्यायाचं होईल.

किंमत. पाती सरळ करायचे दगड, शिकंजे वगैरे धरून माझे वीस हजारांच्या आसपास गेले. छंद म्हणून वर्षाला चार-दोन चौकटी करणाऱ्याला मी हे घ्यायला सांगणार नाही. त्याने शूटिंग बोर्ड करावा: सपाट फळी, तिच्यावर ४५ अंशांत पक्का बसवलेला ठोकळा, आणि आडवा चालवायचा धारदार रंधा. काप इतकाच सुंदर येतो, फक्त वेळ जातो आणि नक्षीच्या पट्टीला डावा-उजवा असे दोन ठोकळे लागतात. उलट ज्याच्या दुकानात दिवसभर चौकटींचीच रीघ असते, त्याला पायाने दाबायचं गिलोटिन हवं. त्यात दोन पाती एकमेकींशी काटकोनात असतात, दोन्ही पट्ट्यांचे काप एकदमच होतात आणि मधला त्रिकोणी तुकडा खाली पडतो. त्या वेगाशी ट्रिमरची बरोबरी होणार नाही. ट्रिमर आहे तो या दोघांच्या मधल्या माणसाचा: आठवड्याला थोड्याच चौकटी, पण प्रत्येक वेगळ्या मापाची, वेगळ्या लाकडाची, आणि कोपऱ्यात रेघ दिसलेली चालणार नाही अशी.

घ्यायला जाताना स्वतःचा तपासलेला गुण्या आणि दीड इंची सागवानी पट्टीचे आधीच ४५ अंशांत कापलेले दोन तुकडे सोबत न्या. गाडा दोन्ही टोकांपर्यंत सरकवून बघा. मधे कुठे अडखळला किंवा वर-खाली डुलला, तर ते यंत्र सोडा, कारण गाड्याची डुल पुढे दुरुस्त होत नाही. टेकू अडकवून हाताने हलवा, तो जराही हलता कामा नये. मग दोन्ही तुकडे एकेका बाजूला तासून गुण्यात जुळवून पाहा. कोन थोडा चुकला तरी चालेल, तो घरी जुळवता येतो. तोंड सपाट आलं नाही तर मात्र पैसे देऊ नका. आणि यंत्र पसंत पडलं, तर पात्यांची दुसरी जोडी त्याच वेळी घेऊन ठेवा. एक जोडी धारेला असताना दुसरीवर काम चालू राहतं, आणि नंतर त्याच मापाची पाती शोधत फिरावं लागत नाही.